‘बेसिक’ प्रोटीन मूलभूत असतं का?

विश्रामबागेतून एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलंय: सांगलीतच मराठीतून व्याख्यान द्यायचं आहे, विषय चेतातंतूंभोवतीच्या मायलिनमधली प्रथिनं. त्यातल्या ‘मायलिन बेसिक प्रोटीन’ला ‘मूलभूत मज्जाप्रथिन’ म्हटलं तर चालेल का?

प्रथिन चालेल, मूलभूत अजिबात नाही. इथला ‘बेसिक’ रसायनशास्त्रातला, ‘अ‍ॅसिडिक’च्या विरुद्ध, शाळेच्या पुस्तकात ‘आम्लारी’ म्हणून भेटतो तो. हळदीच्या पेठेत हे समजावणं सोपं आहे. चुन्याने हळद लाल होते, कारण चुना आम्लारिधर्मी. या प्रथिनात लायसिन आणि आर्जिनिन भरपूर असतात, त्यामुळे त्याच्यावर धनप्रभार राहतो. (ही दोन्ही अमिनो ‘आम्लं’, तरी गुणाने आम्लारिधर्मी! कुणीतरी विचारणारच, तयारीत राहा.)

आता मायलिन म्हणजे पेशीच्या पटलाने तंतूभोवती घातलेले वेढ्यांवर वेढे. पटलाच्या आतल्या अंगाच्या मेदांवर ऋणप्रभार असतो. धनप्रभाराचं हे प्रथिन दोन पटलांच्या मधे शिरतं आणि दोन्हींना चिकटवून घट्ट धरतं. थोडक्यात, ते काय करतं हे त्या विशेषणातच आलंय. ‘मूलभूत’ लिहिलंत की ते गेलं. बरं, मेंदूतल्या मायलिनमध्ये सर्वांत जास्त भरणाही त्याचा नसतो, तो प्रोटिओलिपिड प्रथिनाचा. पण नसलं की मात्र चांगलंच जाणवतं. ‘शिव्हरर’ जातीच्या उंदरांत त्याच्या जनुकाचा मोठा भाग गळालेला असतो. त्यांच्या मेंदूत घट्ट मायलिन जवळजवळ बनतच नाही आणि ते हालचाल करताना थरथरतात. हातापायांकडे जाणाऱ्या चेतातंतूंचं त्या मानाने बरं चालतं, कारण तिथे पी-झीरो हे दुसरं प्रथिन वेढे धरून ठेवतं.

राहिली ‘मज्जा’. रुडॉल्फ विर्खो यांनी १८५४ साली ‘मायलिन’ हे नाव ग्रीकमधल्या मज्जेवरूनच पाडलं, तेव्हा व्युत्पत्तीने तुम्ही बरोबर. पण ग्रीकांसारखाच आपणही एकच शब्द दोन्हीकडे वापरून बसलोय: मज्जारज्जू पाठीच्या कण्यात, अस्थिमज्जा हाडात. ‘मज्जाप्रथिन’ ऐकून निम्म्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे नळीचं हाड येईल. मी सरळ ‘मायलिन’ ठेवीन.

‘मायलिनमधलं आम्लारिधर्मी प्रथिन’ एकदा नीट उलगडून सांगा, पुढे खुशाल ‘एमबीपी’ म्हणा. आणि ‘नस’ शब्द टाळलेला बरा. आपल्याकडे सुई टोचतात तीही नस आणि मणक्यात दबते तीही नसच.