मध्ययुगीन जपानमधला सर्वांत छोटा 'नेन्गो' कोणता, आणि तो इतक्या लवकर का संपला?

र्‍याकुनिन. १२३८ च्या डिसेंबरअखेरीस सुरू झाला आणि १२३९ च्या मार्चमध्ये संपलाही. जेमतेम अडीच महिने!

नेन्गो म्हणजे राजदरबाराने कालखंडाला दिलेलं नाव. वर्षं त्याच नावाने मोजायची, नाव बदललं की पुन्हा पहिल्या वर्षापासून. आज एका सम्राटाला एकच नेन्गो असतो, पण ती पद्धत १८६८ नंतरची. त्याआधी भूकंप, रोगराई, आकाशातलं अशुभ चिन्ह, काहीही झालं तरी नाव बदलत. त्या वेळचा सम्राट शिजो तर लहान मूल होता, आणि त्याच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत सहा वेळा नाव बदललं.

र्‍याकुनिन हे नावसुद्धा आकाशातल्या अपशकुनामुळेच आलं. पण खरी गंमत पुढे आहे. हे नाव दोन चिन्हांचं: पहिलं 'र्‍याकु' म्हणजे पंचांग, दुसरं 'निन' म्हणजे दयाभाव. कागदावर किती सुंदर! उच्चारलं की मात्र घोटाळा. 'र्‍याकु'चा उच्चार असणारं दुसरं एक चिन्ह आहे, त्याचा अर्थ कमी करणं, वगळणं. आणि 'निन' म्हणजे माणूसही. त्यामुळे कानाला ऐकू यायचं 'माणसं नाहीशी होणं'. लोकांत कुजबूज सुरू झाली, दरबाराने नाव बदलून एन्ओ केलं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की लिहिणाऱ्या विद्वानांवर ऐकणाऱ्यांच्या कानाने मात केली.