लंडनच्या स्मोक कंट्रोल एरियात वुड बर्नर (लाकूड जाळायचा बंद स्टोव्ह) घ्यायचा आहे. कोणता घ्यावा, किती किलोवॅटचा?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: 1900 च्या सुमाराचं टेरेस घर (रांगेतलं, शेजारच्या घराला भिंत लागून असलेलं), पुढची खोली 14 बाय 13 फूट, छत 9 फुटांवर, जुनी चिमणी वीट-मातीची आणि बरीच वर्षं बंद, घर स्मोक कंट्रोल एरियात (धुराड्यातून धूर सोडायला मनाई असलेल्या भागात). दुकानदार 8 किलोवॅटचा स्टोव्ह सुचवतोय. तो घेऊ नका. का, ते पुढे येतंच.

आधी कायद्याचं. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर धुरकं बसलं, हजारो माणसं गेली, आणि त्यातून 1956 चा क्लीन एअर कायदा आला. स्मोक कंट्रोल एरिया ही त्याचीच देणगी. आज 1993 चा कायदा लागू आहे. इंग्लंडमध्ये अशा भागात तुमच्या धुराड्यातून धूर निघाला तर काउन्सिल 175 ते 300 पौंड दंड लावू शकते. सूट नसलेल्या शेगडीसाठी लाकूड किंवा इतर मनाई असलेलं इंधन विकत घेतलं तर दंड 1000 पौंडांपर्यंत जातो. लाकूड जाळायचा रस्ता एकच: डेफ्राच्या (ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या) यादीत 'एक्झेम्प्ट', म्हणजे सूट मिळालेला, म्हणून नोंद असलेला स्टोव्ह, आणि त्यात फक्त नोंदीत लिहिलेलं इंधन.

इथे बरेच जण फसतात, कारण दुकानात 'इकोडिझाइन' ही पाटी सगळ्यांवरच असते. इकोडिझाइन आणि डेफ्राची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1 जानेवारी 2022 पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या बंद स्टोव्हला इकोडिझाइनचे निकष पाळावे लागतात: सूक्ष्म कण दर घनमीटर धुरात 40 मिलिग्रॅमच्या आत, कार्यक्षमता किमान 65 टक्के. डेफ्राची चाचणी तासाला किती ग्रॅम धूर निघतो ते मोजते. मर्यादा 5 ग्रॅम, आणि दर 0.3 किलोवॅटमागे आणखी 0.1 ग्रॅम, म्हणजे 5 किलोवॅटच्या स्टोव्हला तासाला साधारण 6.7 ग्रॅम. शिवाय ही चाचणी मंद आचेवरही होते. खरी गोम तिथेच आहे, कारण मंद आचेवर धूर जास्त होतो. म्हणून एक्झेम्प्ट मॉडेलमध्ये हवेचा खटका पूर्ण बंद होऊ नये असा एक स्क्रू किंवा अडसर बसवलेला असतो. 'रात्रभर निखारा टिकत नाही' म्हणून कुणी तो काढून देतो म्हणालं तर नाही म्हणा. अडसर काढला की सूटही गेली.

खरेदीच्या वेळी मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर डेफ्राच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून बघा. एकाच कंपनीच्या एकाच घराण्यातलं '5' एक्झेम्प्ट आणि '8' नाही, असं सर्रास असतं. किंवा साधा मॉडेल यादीत नसतो आणि 'एसई' शेपूट लावलेला असतो. क्लियरस्काइजचं (स्टोव्ह किती स्वच्छ जळतो त्याची पातळी सांगणाऱ्या योजनेचं) लेबल असेल तर काम सोपं होतं: पातळी 3 आणि त्यापुढचे स्टोव्ह स्मोक कंट्रोल एरियात चालतात, पातळी 2 चे नाही. पातळी 5 मिळत असेल तर तोच घ्या. ज्या वस्तूपुढे पुढची पंधरा वर्षं बसायचं, तिच्यात शे-दोनशे पौंडांची काटकसर करू नये.

आता किलोवॅट. तुमच्या खोलीचं आकारमान 14 × 13 × 9 फूट, म्हणजे साधारण 46 घनमीटर. अंदाजाची रीत अशी: बऱ्यापैकी उष्णतारोधन असलेल्या घरात घनमीटरला 14 ने भागायचं, गळक्या घरात 10 ने, नव्या बंदिस्त घरात 25 ने. 14 ने भागलं तर 3.3 येतात. खिडक्या जुन्या एकेरी काचेच्या असतील तर 10 ने भागा, 4.6 येतात. तुम्हाला 4 ते 5 किलोवॅटचा स्टोव्ह हवा, बस्स.

8 किलोवॅटचा घेतला तर काय होतं? अर्ध्या तासात खोलीत घाम फुटतो. मग तुम्ही हवा कमी करता, लाकूड जळायच्या ऐवजी धुमसतं, काच काळी पडते, लायनरमध्ये (चिमणीत आतून घातलेल्या नळीत) डांबरासारखा थर बसतो आणि शेजारी काउन्सिलला फोन करतो. चुलीला भूक असेल तेवढंच घालावं हे आपल्या घरांतल्या बायांना पूर्वीपासून माहीत आहे. मोठा स्टोव्ह अर्धपोटी चालवला की धूरच होतो. त्यात 5 किलोवॅटच्या वर गेलात की इमारत नियमांच्या 'डॉक्युमेंट जे'प्रमाणे खोलीला कायमचं वायुद्वार ठेवावं लागतं: 5 च्या वरच्या प्रत्येक किलोवॅटला 550 चौरस मिलिमीटर. 8 किलोवॅटला म्हणजे 1650 चौरस मिलिमीटरचं भोक, जे कधी बुजवायचं नाही. जुन्या घरात 5 पर्यंत सहसा ते लागत नाही, कारण घर स्वतःच पुरेसं गळकं असतं. मात्र घर नव्याने हवाबंद केलं असेल (हवागळतीची मोजणी दर चौरस मीटरला तासाला 5 घनमीटरच्या खाली) तर हिशोब पहिल्या किलोवॅटपासून धरतात.

पुढची आणि मागची खोली एक करून स्वयंपाकघरही त्यात उघडलं असेल, तर एक धोका मुद्दाम सांगतो. फोडणीच्या वेळी आपण शेगडीवरचा एक्झॉस्ट जोरात लावतो. तो घरातली हवा ओढतो, धुराड्यातला ओढा उलटतो आणि स्टोव्हचा धूर, त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, खोलीत येतो. स्टोव्ह असलेल्या खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा असू नये असंच डॉक्युमेंट जेचं म्हणणं आहे. बसवणाऱ्याला एक्झॉस्ट पूर्ण वेगावर लावून, दारं-खिडक्या बंद ठेवून धुराची चाचणी करायला लावा.

चिमणी. बजेटमधला मोठा भाग इथे जातो आणि नेमका तोच लोक विसरतात. स्टोव्हइतकाच, कधी त्याहून जास्त खर्च बसवण्याला येतो. आधी चिमणी झाडून घ्या. वर्षानुवर्षं बंद चिमणीत पक्ष्यांची घरटी, पडकी वीट, ओली काजळी असं सगळं असतं. मग आतून स्टेनलेस स्टीलचा लवचिक लायनर. तो 316 किंवा 904 या ग्रेडचा येतो. 904 महाग, पण आम्लाला जास्त टिकतो, म्हणून कधीमधी स्मोकलेस (कमी धुराचं, कोळशासारखं) इंधन जाळणार असाल तर 904 च घ्या. लाकूड आणि स्मोकलेस एकाच वेळी मात्र कधीच घालू नका: लाकडातलं पाणी आणि त्या इंधनातलं गंधक मिळून लायनर खातात. व्यास सहसा 150 मिलिमीटर. स्टोव्ह एक्झेम्प्ट असेल आणि कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर 125 चालतो, वळणं असलेल्या जुन्या चिमणीत तो उतरवायला सोपाही जातो. पण चिमणी सरळ असेल तर मी 150 च घालेन. स्टोव्हच्या माथ्यापासून धुराड्याच्या टोकापर्यंत किमान साडेचार मीटर उंची असावी. दुमजली टेरेसमध्ये ती आरामात मिळते. वर पक्षी अडवणारी टोपी.

स्टोव्हच्या पायाखालचा दगड: स्टोव्हमुळे तळ 100 अंशांपेक्षा जास्त तापत नाही असं कंपनी लिहून देत असेल तर 12 मिलिमीटर जाडीची अज्वलनशील फरशी पुरते. नाहीतर जाड, बांधीव पायरी करावी लागते. वरचं लाकडी मँटेल (शेगडीच्या माथ्यावरची फळी) किती अंतरावर हवं ते पुस्तिकेत 'ज्वलनशील वस्तूंपासूनचं अंतर' म्हणून दिलेलं असतं. ते मोजूनच स्टोव्ह निवडा, कारण बसवायच्या दिवशी मँटेल काढावं लागणं हा नेहमीचा घोळ आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. स्टोव्हपासून आडवं अंतर 1 ते 3 मीटर. छतावर लावलात तर भिंतीपासून किमान 300 मिलिमीटर दूर, भिंतीवर लावलात तर दार-खिडक्यांच्या वर, पण छताच्या 150 मिलिमीटर खाली तरी. स्टोव्हच्या अगदी डोक्यावर लावू नका.

बसवायला हेटासचा (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा) नोंदणीकृत माणूस घ्या. काम झालं की तो काउन्सिलला कळवतो आणि तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं. घर विकताना सॉलिसिटर पहिल्यांदा तेच मागतो. स्वतः बसवायचं असेल तर आधी बिल्डिंग कंट्रोलला अर्ज आणि त्यांची फी. घराच्या विमा कंपनीलाही कळवा. फ्लॅट असेल, किंवा घर लीजहोल्ड (भाडेपट्ट्यावरचं) असेल, तर फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची, लेखी संमती आधी.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यादीतला सर्वात महागडा स्टोव्हही ओल्या लाकडावर धूरच ओकतो. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी उकळून घालवण्यात आच खर्च होते, भट्टी थंड राहते, वायू न जळताच वर जातात. 20 टक्क्यांच्या आत ओल असलेलं लाकूड किलोला साधारण 4 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता देतं. 5 किलोवॅटचा, 80 टक्के कार्यक्षम स्टोव्ह तासाला दीड किलोच्या आसपास लाकूड खातो. रोज संध्याकाळी चार तास म्हणजे सहा किलो, अशा नव्वद संध्याकाळी धरल्या तर साडेपाचशे किलो. नीट रचलं तर सव्वा घनमीटरभर. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून 2 घनमीटरच्या आतलं लाकूड 'रेडी टू बर्न' शिक्क्याशिवाय विकता येत नाही, तेव्हा तो शिक्का बघूनच घ्या.

शिक्का असला तरी मोजा. दोन सुयांचा ओल-मापक स्वस्तात मिळतो. ओंडका एक दिवस घरात ठेवायचा, मधोमध फोडायचा आणि सुया ताज्या फोडलेल्या आतल्या अंगाला, रेषांच्या दिशेने टोचायच्या. वरच्या सालीवर किंवा टोकावर मोजलं तर आकडा छान येतो आणि फसवतो. अॅश, बर्च, बीच चांगले. ओकला वाळायला दोन वर्षं लागतात. पॅलेट, रंगवलेलं किंवा प्लायचं लाकूड अजिबात नको.

पेटवायची रीतही आपल्या सवयीच्या उलट आहे. खाली दोन ओंडके, मध्ये बोटभर फट. त्यावर आडव्या-उभ्या आठ-दहा बारीक ढलप्या. सर्वात वर पेटवणी. जाळ वरून खाली उतरतो, तेव्हा खालच्या लाकडातून निघणारा वायू ज्वाळेतूनच वर जातो आणि जळून संपतो. हवेचे दोन्ही खटके पूर्ण उघडे, दार पाच मिनिटं किंचित उघडं. ढलप्यांनी धरलं की दार बंद, खालची प्राथमिक हवा बंद, आणि मग वरची हवा हळूहळू निम्म्यावर. ज्वाळा ओसरून लाल निखारे उरले की एक-दोनच ओंडके घाला, आणि ते पेटेपर्यंत हवा पुन्हा पूर्ण उघडा. 'उठायला नको' म्हणून भट्टी गच्च भरली की काचेमागे आधी पिवळा-करडा धूर घोळताना दिसतो, मग काच काळवंडते. नळीवर चुंबकाचा तापमापक लावून काटा साधारण 120 ते 240 अंशांत ठेवा. राख पूर्ण काढू नका, दोनेक सेंटिमीटरचा थर लाकडाला मानवतो.

वर्षातून एकदा चिमणी झाडून घ्यायचीच. रोज जाळत असाल तर दोनदा. स्टोव्हच्या दाराच्या कडेची, हवा अडवणारी दोरी ढिली झाली का ते बघायला कागदाची पट्टी दारात धरून ओढा. सहज निघाली तर दोरी बदला, नाहीतर हवेचे खटके कितीही फिरवलेत तरी आच ताब्यात राहत नाही.

एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या 2022 च्या अहवालानुसार इकोडिझाइन स्टोव्हसुद्धा गॅस सेंट्रल हीटिंगच्या सुमारे 450 पट सूक्ष्म कण सोडतो. जुने स्टोव्ह आणि उघडी शेगडी तर कितीतरी वाईट, पण 'स्वच्छ' हा शब्द त्यांच्याच तुलनेत आहे. घरात कुणाला दमा असेल किंवा तान्हं बाळ असेल, आणि बॉयलर धड चालू असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका. घेतलाच तर थंडीच्या मोजक्या संध्याकाळींसाठी ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न, वरच्या खोलीतली उघडी शेगडी दिवाळी-ख्रिसमसला लाकडावर पेटवू का? नाही. उघड्या शेगडीला सूट नसते, तिथे फक्त मान्यताप्राप्त स्मोकलेस इंधन चालतं. बागेतल्या होळीला हा धुराड्याचा नियम लागू होत नाही, पण धुराचा उपद्रव झाल्याची तक्रार शेजारी करू शकतो, तेव्हा ती लहान ठेवा आणि शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा.