कंपन्यांचा संभावितपणा आणि हिरवा मुलामा

प्रश्न असा आला आहे : ‘ग्रीनवॉशिंग’ला, म्हणजे पर्यावरणाची काळजी घेत असल्याच्या कंपन्यांच्या खोट्या देखाव्याला, मराठीत ‘हरित प्रक्षालन’ म्हणावं का? आणि सामाजिक जबाबदारीचा गाजावाजा करणारी कंपनी प्रत्यक्षात उलट वागत असेल, तर तिला ‘मानभावी’ म्हटलेलं चालेल का?

‘हरित प्रक्षालन’ नको. प्रक्षालन म्हणजे धुणं. धुतलं की मळ जातो आणि खालचं खरं रूप दिसतं. इथे तर खालचं झाकायचं असतं. मूळ इंग्रजी शब्दातही धुलाई नाही, भिंतीला चुना फासणं आहे. ‘व्हाइटवॉश’वरून तो बेतलेला आहे. जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने तो १९८६ मध्ये वापरला. हॉटेलवाले खोलीत ‘टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा’ अशी कार्डं ठेवतात, पण एरवी निसर्गासाठी फारसं काही करत नाहीत आणि धुलाईचा खर्च मात्र वाचवतात, असा त्याचा आक्षेप होता.

यासाठी आपल्याकडे ‘मुलामा’ हा नेमका शब्द तयार आहे. हलक्या धातूवर सोन्याचांदीचा पातळ थर दिला की तो मुलामा. म्हणून ‘हिरवा मुलामा’ म्हणा, समजावून सांगावं लागत नाही. कुणी ‘हिरवी कल्हई’ असंही सुचवेल, पण ते पटत नाही. कल्हई हे फसवणुकीचं काम नव्हे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमटी कळकू नये म्हणून ती लावतात, आणि ती नसेल तर खाणाऱ्यालाच बाधतं.

मुलामा किती पातळ असतो हे फोक्सवागेन या जर्मन मोटार कंपनीच्या प्रकरणात दिसलं. अमेरिकेत ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून ज्या गाड्यांची जाहिरात चालली होती, त्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी सुरू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं धुराचं प्रमाण आटोक्यात ठेवायचं. रस्त्यावर आल्यावर त्याच गाड्या नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत सोडत होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झालं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. नुसती धूर ओकणारी गाडी विकली असती तर लोक इतके संतापले नसते. प्रदूषण नको म्हणूनच ज्यांनी ती घेतली होती, त्यांचा विश्वास तिने मोडला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘पर्यावरणपूरक’सारखे शब्द वापरायचे तर त्यांना आधार द्यावा लागतो.

आता ‘मानभावी’. अर्थ तंतोतंत बसतो हे खरं. ‘करणी कसायाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण तर अशा कंपन्यांसाठीच केल्यासारखी वाटते. म्हणीतला राग नुसत्या करणीवर नाही, त्या करणीला जोडलेल्या गोड बोलण्यावर आहे. तरीही मी हा शब्द वापरत नाही. मानभाव म्हणजे महानुभाव. चक्रधरस्वामींचा तेराव्या शतकातला हा पंथ अहिंसा कसोशीने पाळणारा, आणि ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य गद्यग्रंथ मराठीला देणारा. त्या पंथाविषयीच्या जुन्या आकसातून ‘मानभावी’ला ढोंगी हा अर्थ चिकटला. एका कंपनीचं ढोंग सांगायला एका पंथाचं नाव आपण का राबवायचं?

त्यापेक्षा ‘संभावित’ घ्या. संभावित म्हणजे मुळात प्रतिष्ठित, मानमरातब असलेला. गीतेत कृष्ण अर्जुनाला सांगतो, ‘संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते’ : ज्याला मान आहे त्याला दुष्कीर्ती मरणाहून वाईट. मराठीत पुढे याच शब्दाला प्रतिष्ठेचा आव आणणारा ही छटा आली, म्हणून ‘संभावित चोर’ असं म्हणतो. कंपनीसाठी दोन्ही अर्थ लागू पडतात. तिला अब्रूची काळजी असते, आणि म्हणूनच ती आव आणते.

ब्रिटनमध्ये २०२२ च्या महिला दिनी लोकांनी या संभावितपणाला छान उत्तर दिलं. तिथे अडीचशे किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत जाहीर करावी लागते. हा नियम २०१७ पासूनचा. आकडे सरकारी संकेतस्थळावर पडून होते. दोघांनी मिळून ट्विटरवर एक स्वयंचलित खातं चालवलं. एखाद्या कंपनीने ‘आमच्या कर्तबगार महिलांना सलाम’ असं लिहिलं की त्याच संदेशाला जोडून हे खातं तिचा आकडा मांडायचं : या संस्थेत स्त्रियांचं ताशी मध्यक (सगळे पगार ओळीने मांडल्यावर मधोमध येणारं) वेतन पुरुषांपेक्षा इतके टक्के कमी. शिवी नाही, टोमणा नाही. कित्येकांनी आपले शुभेच्छासंदेशच काढून टाकले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी उघडली गेली. मला ही प्रतिक्रिया फार मोलाची वाटते, कारण तिच्यात फक्त बोलणी आणि करणी शेजारीशेजारी ठेवली आहेत.

गिऱ्हाइकांकडून रुपया-रुपया गोळा करून धनादेशावर स्वतःचं नाव मिरवणाऱ्या दुकानदारीला वेगळा शब्द शोधूच नका. ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ पुरेसं आहे.

प्रश्नात नसलेला, पण मला खटकणारा एक शब्द राहतो : ‘सौजन्याने’. शाळेच्या भिंतीवर, बसथांब्यावर, पाण्याच्या टाकीवर ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ असं मोठ्या अक्षरांत असतं. सौजन्य म्हणजे सुजनाचा भाव, आपखुशीचा चांगुलपणा. पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एकही पातळी गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग आहे. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीचं सामाजिक उत्तरदायित्व, म्हणतात. तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. सुरुवातीला खर्च केला नाही तर कारण सांगून भागत असे. जानेवारी २०२१ पासून उरलेली रक्कम ठरलेल्या खात्यात किंवा निधीत वळती करावी लागते, नाहीतर दंड. गावातली माणसं हे बरोबर ओळखून असतात. ‘बेंच सीएसआरमधून आले’ असं ती म्हणतात, ‘कंपनीने दान दिले’ असं नाही. दोन टक्क्यांपलीकडे मनाने काही दिलं असेल तर सौजन्य जरूर लिहा. एरवी पाटीवर ‘सामाजिक उत्तरदायित्व निधीतून’ एवढंच लिहावं.