बाळाचं आतडं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अकराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचं आतडं नाळेत दिसलं. घाबरायचं का?

उत्तर: नाही. या काळात यकृत झपाट्याने वाढून पोटातली जागा व्यापतं. आतडंही भराभर लांब होत असतं, म्हणून ते नाळेच्या मुळाशी बाहेर येतं. तिथे ते स्वतःच्या मुख्य रक्तवाहिनीभोवती वळू लागतं आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत परत पोटात जातं. एकूण वळण २७० अंशांचं, घड्याळाच्या उलट दिशेने. बारा आठवडे पूर्ण झाल्यावर सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. यकृतच बाहेर दिसत असेल तर मात्र ते कधीही नैसर्गिक नसतं.

प्रश्न: पाच दिवसांच्या नातवाला हिरवी उलटी झाली. आता शांत झोपलाय. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

उत्तर: थांबू नका, आत्ताच निघा. वर सांगितलेलं वळण अर्धवट राहिलं, तर आतडं पोटात नीट बांधलं जात नाही आणि स्वतःभोवती पीळ घेऊ शकतं. त्यामुळे रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं निकामी होऊ शकतं. सुरुवातीला पोट मऊ असतं, बाळ बरं दिसतं. इथेच घरचे फसतात. दूध फाटून पांढरी उलटी होणं वेगळं. हिरवा रंग पित्ताचा. बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच जा, कापडावरचा डाग दाखवायला सोबत घ्या.

प्रश्न: जन्मून दोन दिवस झाले तरी बाळाने पहिली काळी शी केली नाही.

उत्तर: पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती २४ तासांत होते. ४८ तास उलटले तर तपासणी हवीच. आतडं ढकलणाऱ्या चेतापेशी गर्भात वरून खाली सरकत जातात. त्या शेवटपर्यंत पोचल्या नाहीत, तर गुदद्वारापासून वरचा काही भाग आकसलेलाच राहतो. हा हिर्शस्प्रुंगचा आजार, सुमारे ५००० बाळांत एकाला. शस्त्रक्रियेने उपचार होतो. घरी साबणाची वात घालत बसू नका.

प्रश्न: तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीला नळीने थेंब थेंब दूध का देतात?

उत्तर: चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो. तिच्या आतड्याचं अस्तरही कोवळं आहे, त्याला सूज येऊन आतडं सडण्याचा धोका असतो. आईच्या दुधाने तो कमी होतो. तुमचं दूध पुरत नसेल तर दुग्धपेढीची, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं दूध देणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९पासून अशी पेढी आहे.