लॅच बदलला तरी 'डिकी उघडी'चा दिवा जात नाही, आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिकी नीट लावली तरी डॅशबोर्डवर ती उघडी असल्याचा दिवा लागतो, मधेच विझतो, खड्डा आला की पुन्हा लागतो. सर्व्हिस सेंटरने लॅच (डिकी बंद धरून ठेवणारं कुलूप) बदलून दिला, काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. याच मॉडेलच्या बऱ्याच मालकांची हीच तक्रार आहे. मग लॅचच सदोष येतोय का, आणि कंपनी दाद देत नसेल तर काय करायचं?

मी गाड्यांच्या बॉडी आणि वायरिंगच्या कामात आहे आणि डिकीच्या तक्रारी सतत हाताखालून जातात. माझं स्पष्ट मत आधी सांगतो. नवा लॅच बसवूनही तीच तक्रार परत आली, तर दुसऱ्यांदा लॅच बदलायला होकार देऊ नका. दोष नेमका कुठे आहे ते आधी दाखवून मागा. 'डिकीचा लॅच खराब' या एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळे बिघाड येतात, बाहेरून सगळे सारखेच दिसतात, आणि लॅच हा त्यातला फक्त एक असतो.

डिकीच्या खालच्या कडेला लॅच असतो आणि समोर बॉडीवर लोखंडी कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. (काही गाड्यांत हे उलट बसवलेलं असतं.) लॅचच्या आत एक फिरता पंजा असतो. डिकी खाली आली की कडी पंज्याला ढकलते, पंजा फिरून कडीला धरतो आणि मागून एक छोटी खिट्टी त्याच्या दातात अडकते. सहसा दात दोन असतात. पहिल्या दातात डिकी अर्धवट लागते, दुसऱ्यात पूर्ण. पंजा कुठे आहे हे सांगायला आत एक बारीक स्विच असतो, आणि बटण दाबल्यावर खिट्टी मागे ओढायला एक छोटी मोटर. म्हणजे धरून ठेवण्याचं काम पंजा आणि खिट्टीचं, आणि दिवा लावण्याचं काम स्विचचं. डिकी पक्की बंद असूनही स्विच खोटं सांगू शकतो. डिकी खरोखर अर्धवट लागलेली असेल, तर तो खरंच सांगत असतो. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं घडतंय, हे कळल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

ते कळण्याची एक साधी चाचणी आहे आणि ती घरी करता येते. फक्त डिकी मोटरवर आपोआप बंद होणारी असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका, तो लॅच स्वतःच पंजा ओढून घेतो आणि बोट सापडू शकतं. साध्या डिकीत मात्र डिकी वर असू द्या, किल्ली खिशात ठेवा आणि इग्निशन चालू करून कुणाला तरी डॅशबोर्डकडे बघायला बसवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने पंजा हळूच ढकला, जणू ती कडीच आहे. पहिला 'टक्' ऐकू येईल, आणखी ढकललं की दुसरा. दुसऱ्या टक्नंतर दिवा विझला पाहिजे. आता स्क्रूड्रायव्हरने पंजा थोडा इकडेतिकडे हलवा, लॅचवर मुठीने हलकेच ठोका, त्याच्या प्लगजवळची वायर हलवा. ठोकल्यावर दिवा मिणमिणला तर लॅचमधल्या स्विचवर संशय घ्यायला जागा आहे. वायर हलवल्यावर मिणमिणला तर प्लग किंवा वायर. दोन्हींनी काहीच झालं नाही, तर लॅच बहुधा ठीक आहे आणि गडबड डिकीच्या बसण्यात आहे.

एक गोष्ट विसरायची नाही. चाचणी झाली की डिकी उघडायचं बटण दाबून पंजा मोकळा करा आणि मगच डिकी खाली घ्या. मिटलेल्या पंज्यावर डिकी आपटली तर चांगला लॅचही वाकतो. बटणाने पंजा सुटला नाही तर डिकीच्या आतल्या प्लास्टिकच्या पॅनेलमध्ये बऱ्याच गाड्यांत एक छोटं झाकण असतं, त्यामागे हाताने सोडायचा खटका असतो. तो कुठे आहे हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. बॅटरी उतरली की आतून डिकी उघडायला बहुतेक वेळा हाच कामी येतो, कारण आजकाल अनेक गाड्यांच्या डिकीला किल्लीचं भोकच नसतं.

आता वायरबद्दल, कारण माझ्या मते सर्वांत जास्त फसगत इथेच होते. छतातून डिकीत जाणारी सगळी वायरिंग बिजागरीजवळच्या एका रबरी नळीतून जाते. डिकी जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा या वायरी त्याच जागी दुमडतात. वर्षानुवर्षं दुमडून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. हिची खूण म्हणजे डिकीतल्या इतर गोष्टीही लहरीपणा करू लागतात. मागचा वायपर मधेच थांबतो, नंबर प्लेटचा दिवा जातो-येतो, मागच्या काचेवरची धुकं घालवणारी जाळी तापत नाही. डिकी सावकाश वर-खाली करत हे सगळं कुणाला तरी बघायला सांगा. ठरावीक कोनात काही बंद पडलं तर रबरी नळी सरकवून एकेक वायर हलकेच ओढून बघायची. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. हा दोष काही एखाद्या स्वस्त गाडीपुरता नाही. डिसेंबर २०२१ मध्ये टेस्लाने २०१७ ते २०२० सालच्या साडेतीन लाखांहून अधिक मॉडेल ३ गाड्या परत बोलावल्या, त्या याच कारणाने: डिकी उघडून-मिटून तिथली केबल झिजायची आणि मागच्या कॅमेऱ्याचं चित्र जायचं.

तुमच्याकडे नवा लॅच बसल्यावर काही दिवस बरं वाटलं, याचंही उत्तर इथे असू शकतं. लॅच बदलताना पॅनेल काढतात, वायरी हलतात, प्लग काढून पुन्हा घट्ट बसवतात. तेवढ्याने सैल जोड तात्पुरता जुळतो आणि श्रेय नव्या लॅचला मिळतं.

खड्ड्यात दिवा लागतो म्हणता, त्यावरून मला डिकीच्या बसण्याकडेही बघावंसं वाटतं. डिकीच्या दोन्ही बाजूंना रबरी गुटके असतात, बऱ्याच गाड्यांत ते फिरवून कमी-जास्त करता येतात. ते फार आत गेलेले असतील तर बंद डिकीला आधार उरत नाही, ती खड्ड्यात हलते, खडखडते, आणि पंजा स्विचच्या सीमेवर मागेपुढे होतो. ते फार बाहेर असतील किंवा बीडिंगचं रबर नवं आणि जाड असेल, तर उलटी तक्रार येते. डिकी दुसऱ्या दातापर्यंत पोचत नाही, किंवा पोचली तरी खिट्टीवर इतका ताण राहतो की मोटरला ती ओढवत नाही. हे ओळखायला एका हाताने डिकी खाली दाबून धरा आणि दुसऱ्याने बटण दाबा. एरवी न उघडणारी डिकी अशी पटकन उघडली, तर मोटर बिचारी निर्दोष आहे. बंद डिकी हाताने वर-खाली हलवल्यावर जाणवण्याइतकी हलत असेल, तर कडीचे बोल्ट आणि गुटके तपासायला सांगा. कडी सरकवण्याआधी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून घ्यायची, म्हणजे किती सरकली ते कळतं आणि बिनसलं तर मूळ जागी आणता येते. गाडीला मागून कधी ठोकर बसली असेल तर ते आवर्जून सांगा. एक-दोन मिलीमीटरचा फरक इथे पुरतो.

पाऊस किंवा धुलाईनंतरच त्रास होत असेल तर नंबर प्लेटवरचं उघडायचं बटण बघा. त्यावरचं रबर चिरलं की पाणी आत शिरतं, मग बटण चालत नाही किंवा कुणी न दाबताच 'दाबलं' असा इशारा देतं. लॅचवर वाटेल तो स्प्रे भसाभसा मारू नका. त्याने जुनं ग्रीस आणि धूळ मिळून लगदा होतो आणि तो स्विचपर्यंत जातो. पंजा पुसून थोडंसं ग्रीस लावलं की पुरे.

आता कंपनीच्या वागण्याबद्दल. अशा तक्रारीत जॉब कार्डवर हमखास 'तपासलं, दोष आढळला नाही' असं लिहून येतं, कारण गाडी वर्कशॉपमध्ये सपाट जागी, कोरडी, रिकामी उभी असते. तिथे तिला काय होणार! म्हणून तक्रार अशी लिहून द्या की ती त्यांना घडवून बघता येईल. 'लॅच खराब आहे' असं लिहू नका. 'डिकी लावताना दोन्ही टक् ऐकू येतात, तरी खराब रस्त्यावर दिवा लागतो, गाडी धुतल्यावर जास्त लागतो, तेव्हा मागचा वायपरही थांबतो' असं लिहा. शेजारी बसलेल्याकडून व्हिडिओ काढून घ्या, ज्यात दिवा आणि वेग दोन्ही दिसतील. तुम्ही गाडी चालवत असताना स्वतः काढू नका. चालत्या गाडीत डिकी खरोखर उघडली असेल, तर ते वाक्य सर्वांत वर आणि त्याच शब्दांत लिहा. दिवा लागणं ही गैरसोय आहे, डिकी उघडणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि दोन्ही एकाच ओळीत कोंबले की दुसरा पहिल्यात बुडून जातो.

बदललेल्या लॅचचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या आणि जुना पार्ट बघायला मागा. नव्या नंबराच्या शेवटचं अक्षर किंवा आकडा जुन्यापेक्षा वेगळा असेल तर कंपनीने त्या पार्टमध्ये काही सुधारणा केली असण्याची शक्यता आहे. मग या तक्रारीसाठी डीलरांना काही तांत्रिक सूचना आली आहे का, हे थेट विचारा. 'बदलला' या शब्दावर विसंबू नका असं मी का म्हणतो, तर फोर्डने २०१६ मध्ये दरवाजाच्या लॅचमधल्या खिट्टीच्या स्प्रिंगचा टॅब तुटतो म्हणून सुमारे २४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला होता, म्हणजे त्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. पुढे २०२० मध्ये, आधीच्या रिकॉलमधल्या वीस लाखांहून अधिक गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, कारण डीलरांकडे दुरुस्ती नीट झालीच असेल याची खात्री नव्हती. मालकांना लॅचवरचा तारखेचा कोड स्वतः तपासायला सांगितलं गेलं. ते बाजूच्या दरवाजांचे लॅच होते, पण धडा डिकीलाही तसाच लागू आहे.

आणि मालकांच्या तक्रारींनी काही होत नाही असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर क्रायस्लरचं प्रकरण सांगा. १९८४ पासूनच्या त्यांच्या मिनीव्हॅनची मागची डिकी अपघातात उघडून आतली माणसं बाहेर फेकली जात असल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाकडे साठत गेल्या, चौकशी झाली, आणि मार्च १९९५ मध्ये कंपनीने चाळीस लाखांहून अधिक गाड्यांचे लॅच फुकट बदलून द्यायचं मान्य केलं. त्या वेळेपर्यंत तिथे दरवाजाच्या लॅचच्या ताकदीचा सरकारी नियम बाजूच्या दरवाजांना होता, मागच्याला नव्हता. त्याच वर्षी तो मागच्या दरवाजालाही लावायचं ठरलं. एकेकट्या मालकाला 'तुमच्याच गाडीत काहीतरी असेल' म्हणून परत पाठवता येतं, चेसिस नंबरासकट एकाच जागी साठलेल्या तक्रारींना तसं पाठवता येत नाही. म्हणून इतर मालकांशी नुसतं बोलून थांबू नका. तुमच्या देशात वाहन सुरक्षेच्या तक्रारी घेणारी सरकारी यंत्रणा असेल तिथे प्रत्येकाने स्वतंत्रपणे, आपल्या गाडीच्या तपशिलांसह तक्रार नोंदवा. सगळ्यांनी एकच मजकूर चिकटवला की वजन जातं.

हे सगळं होईपर्यंत एक काळजी घ्या, ही मी अगदी कळकळीने सांगतो. डिकी अर्धवट लागलेली असल्याची जरा जरी शंका असेल तर तिसऱ्या रांगेत कुणाला बसवू नका आणि मागे जड सामान सुटं ठेवू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे उघड्या डिकीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डिकी दोरीने बांधून वर्कशॉपपर्यंत जायचीच वेळ आली तर पुढच्या काचा खाली ठेवा, पंखा बाहेरची हवा घेण्यावर ठेवा आणि जवळच्यात जवळच्या वर्कशॉपला जा. डोकं जड झालं, मळमळलं तर गाडी लगेच बाजूला घेऊन सगळ्यांना खाली उतरवा.

दिव्याचाच त्रास असेल आणि डिकी पक्की बंद असेल, तरी गाडी रात्रभर उभी केल्यावर आतला दिवा विझतो का ते बघा. डिकी उघडी आहे असं समजून काही गाड्या पूर्ण झोपत नाहीत आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. तसं होत असेल तर तेही जॉब कार्डवर वेगळ्या ओळीत लिहून घ्या, नाहीतर बॅटरीचं वेगळं बिल तुमच्या माथी मारलं जाईल.

स्क्रूड्रायव्हरची चाचणी आधी करा. ठोकल्यावर दिवा हलला की वायर हलवल्यावर, आणि मागचा वायपर त्या वेळी चालत होता का, एवढं कळवलंत तर पुढे काय तपासायचं ते नेमकं सांगता येईल.