वाचक विचारतात: पोरीला युगांडाच्या मिशन हॉस्पिटलात पाठवू का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी फोंड्याची. मुलगी बीएस्सी नर्सिंग झालीय, चार वर्षं मडगावला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात जॉब करते. तिच्याबरोबरची एक ख्रिस्तांव नर्स माद्रींच्या (चर्चच्या सिस्टरांच्या) ओळखीने उत्तर युगांडातल्या मिशन हॉस्पिटलात दोन वर्षांसाठी चाललीय आणि आता आमची पण म्हणते मी जाते. पगार नावापुरता, राहणं-जेवण त्यांचं. घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात, ज्यांच्यामुळे आपली देवी केळशी सोडून कवळ्याला आली त्यांच्यासाठी आपली पोर राबणार? मला तिचं मन मोडवत नाही पण भीती पण वाटते. ही सेवा आहे की बाटवाबाटवी, कसं ओळखायचं?
— एक आई, फोंडा

उत्तर: वहिनी, आधी सासूबाईंचं घेते, कारण त्यांचं दुखणं खरं आहे. पोर्तुगीज राज्यात देवळं मोडली, मंगेश कुठ्ठाळीहून निघाला, शांतादुर्गा केळशीहून, आणि १५६० ला आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, कायमचं गेलं ते १८१२ ला. हे विसरा असं मी त्यांना कधीच म्हणणार नाही, आमच्या घरी पण आजी हीच गोष्ट सांगायची. फक्त त्यांच्याजवळ बसून एका गोंयकाराची गोष्ट सांगा, जोजेफ वाझची. पाद्रीच तो, पण इथून श्रीलंकेला कसा गेला ते ऐकण्यासारखं आहे.

१६५१ ला बाणावलीत जन्मला, मूळ घर सांकवाळचं. १६८७ ला मजुराचे कपडे घालून चोरून समुद्र ओलांडला कारण तिकडे किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि डच पण ख्रिश्चनच, पण प्रोटेस्टंट, त्यांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली, म्हणजे बिचारा लपत होता ते ख्रिश्चन सरकारपासूनच! जाफनाला पोचला तेव्हा हगवणीने अर्धमेला झालेला. १६९२ ला कँडीत गेला तर तिथल्या बौद्ध राजाला वाटलं हा पोर्तुगीजांचा हेर, टाकलं कैदेत. मग १६९७ ला देवीच्या रोगाची साथ आली, लोक आजारी माणसांना टाकून पळायला लागले, आणि हा आपला त्यांच्यासाठी निवारा करतोय, खाऊ घालतोय, पुसतोय, मेलेल्यांना पुरतोय, आणि यात हा आपल्या धर्माचा की दुसऱ्या असलं काही बघितलं नाही. धर्मप्रचार केला का? केला की, त्यासाठीच गेला होता, ते कशाला लपवायचं. पण पाठीशी फौज नव्हती, जमीन काढून घेईन अशी धमकी नव्हती, ज्याला नको वाटलं तो सरळ नाही म्हणू शकत होता. १७११ ला तिथेच गेला, २०१५ ला पोपनी कोलंबोत त्याला संत जाहीर केलं.

मला वाटतं फरक इथेच आहे. समोरच्याला नाही म्हणता येतं का, एवढं बघायचं.

आता युगांडा. तिकडे लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी म्हणून बंडखोर होते, नावात देव आणि काम पोरं पळवायचं. ऑक्टोबर १९९६ मध्ये आबोके गावातल्या मिशनच्या शाळेतून एका रात्रीत १३९ मुली नेल्या. तिथली उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फास्सेरा, इटालियन बाई, एका शिक्षकाला घेऊन त्या बंदूकवाल्यांच्या मागे रानात गेली आणि विनवण्या करून १०९ मुली परत आणल्या. ३० राहिल्या. हे वाचलं तेव्हा त्या १०९ पेक्षा मागे राहिलेल्या ३० जणींना बघत वळताना त्या बाईचं काय झालं असेल याचाच विचार मी दोन दिवस करत होते.

त्याच भागात गुलू शहराजवळ लाकोर हॉस्पिटल आहे, १९५९ ला कॉम्बोनी नावाच्या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांनी सुरू केलेलं. कॅनडाच्या सर्जन लुसील टीसडेल तिथे १९६१ पासून होत्या, युद्धात जखमी झालेल्यांची ऑपरेशनं करताना त्यांना एचआयव्ही झाला, १९९६ ला गेल्या. आणि २००० साली इबोला आला तेव्हा हॉस्पिटल सांभाळत होते डॉ. मॅथ्यू लुकविया, तिथलेच, युगांडाचे. नर्सना धीर देत स्वतः वॉर्डात उभे राहिले आणि ५ डिसेंबरला इबोलानेच गेले, बऱ्याच नर्स पण गेल्या. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही वहिनी, पण मुलीला हे माहीत असायलाच हवं, आणि बाहेरून गेलेल्यांनी तिथल्या माणसाला मोठं केलं, आयुष्यभर स्वतःच खुर्चीवर बसले नाहीत, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

तर मुलीला सांगा, हो म्हणायच्या आधी त्या माद्रींना तोंडावर विचार: प्रार्थनेला न बसणाऱ्याला औषध तेच आणि तेवढंच मिळतं का? तिथल्या किती पोरींना नर्सिंग शिकवता? पेशंटचे फोटो देणगीसाठी वापरता का, त्यांना विचारून? मी चर्चला आले नाही तर चालेल का? चांगली माद्र असेल तर या प्रश्नांनी रागावणार नाही, उलट तिला बरं वाटेल. उत्तरं गोलगोल आली तर नको. आणि करार कागदावर, इन्शुरन्स कोणाचा, आजारी पडली तर परतीचं तिकीट कोण काढणार, पासपोर्ट स्वतःजवळच, ह्यात भिडेखातर काही सोडायचं नाही.

यलो फिव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, वास्कोला मुरगाव पोर्टच्या हेल्थ ऑफिसात चौकशी करा, लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर क्वारंटाइन करतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरना विचारा. आणि जायचं ठरलं तर निघायच्या आधी तिला कवळ्याला सासूबाईंनाच घेऊन जाऊ दे, ओटी त्यांच्या हातून भरली की घरातला निम्मा वाद तिथेच मिटेल.