दिवस सात मिनिटांनी मोठा कसा?

प्रश्न : २० मार्चला दिवस आणि रात्र सारखी, असं आपण शाळेत शिकलो. पण वर्तमानपत्रात त्या दिवशीच्या सोलापूरच्या वेळा पाहिल्या, तर सूर्योदय साडेसहाला आणि सूर्यास्त ६.३७ ला! छापणाऱ्यांची चूक की आमची? सहावीतल्या मुलीला या दिवशी काही करून पाहायचंय, तेही सुचवा.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वेळा बरोबर आहेत, ताई. वर्गात मीही वर्षानुवर्षं ते अर्धंच वाक्य शिकवलं, याची आज चुटपुट लागते. सूर्योदय आपण धरतो तो बिंबाची वरची कड दिसताच आणि सूर्यास्त धरतो ती कड बुडाल्यावर. त्यात हवेतून येताना किरण वाकतात, म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाही दिसतो. या दोन्हींमुळे मिळून दिवस वाढतो : सकाळी साडेतीन मिनिटं, संध्याकाळी साडेतीन. आपल्याकडे दिवस-रात्र खरोखर सारखी होतात ती आठवडाभर आधी, १३-१४ मार्चच्या सुमारास. सप्टेंबरात याच्या उलट, तिथल्या विषुवदिनानंतर (सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो तो दिवस; मार्चमधला तो २० तारखेचा) आठवड्याने.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात मागावर विणकाम करत. आमच्या दहा फुटी खोलीला पूर्वेकडे एकच झरोका. सकाळचं पहिलं ऊन समोरच्या भिंतीवर जिथे पडे, तिथे ते कोळशाने रेघ ओढत. डिसेंबरअखेरीस आठ-आठ दिवस रेघ जागची हलत नसे. मार्चमध्ये मात्र आठवड्यात वीतभर दक्षिणेकडे सरके. विषुवदिनाच्या आसपास सूर्य सर्वांत वेगाने उत्तरेकडे सरकतो, हे मला पुस्तकाआधी त्या भिंतीने शिकवलं. हुरड्याच्या दिवसांतली थंडी गेली कधी आणि पहाटे अंगावरची चादर नकोशी झाली कधी, हे कळेपर्यंत ऊन तापलेलं असतं. आपल्याकडे वसंत येतो तो असा घाईचा, कडुलिंबाच्या मोहोराच्या वासापुरता.

आता मुलीसाठी. गच्चीवर सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका काढायचा. दुपारी तीनला ठिपके जोडा : सरळ रेघ येईल, पश्चिमेकडून पूर्वेकडे. इतर दिवशी ती वाकडी येते. सर्वांत आखूड सावली बाराला नाही, १२.३४ च्या सुमारास पडेल. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. त्या वेळी सावली साधारण ३२ सेंटिमीटर भरेल. २२ डिसेंबरला हीच सावली ८७ च्या घरात जाते. हा फरक तिने स्वतः पट्टीने मोजावा, माझ्या सांगण्यावर राहू नये.

आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतलं वर्षही विषुवदिनाला धरूनच सुरू होतं : १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१. सरकारने ती १९५७ मध्ये स्वीकारली, पण घराच्या भिंतीवर मात्र फार कमी जणांकडे दिसते. मुलीच्या वहीत निदान ती तारीख लिहून घ्या.

काठीची जागा तेलरंगाने पक्की करून ठेवा. मेच्या १०-११ तारखेला, दुपारी १२.२३ च्या सुमारास काठी पुन्हा तिथे उभी करा. काठीची सावली काठीच्या बुडातच असेल.